हे शिवलं कोनं?

नामाकाकांनी नवरदेवाच्या शेरवानीचा घेर उलटा केला, तेव्हा आहेराच्या रांगेत मी त्यांच्या मागेच उभी होते. पांढुर्ण्यातलं लग्न. स्टेजवर झगमगाट, फोटोग्राफर "काका, इधर देखो, इधर" म्हणून ओरडतोय, आणि काका कमरेत वाकून, चष्मा कपाळावर चढवून, शेरवानीची आतली शिवण तपासतायत. नवरदेव आधी लाजला, मग घाबरला. त्याला वाटलं, कुठेतरी उसवलं.

"कुठून घेतली?" काकांनी विचारलं.

"नागपूरहून."

"घेतली नागपूरहून. पन हे शिवलं कोनं?"

नवरदेवाने नवरीकडे पाहिलं. नवरीने आईकडे पाहिलं. आईने माझ्याकडे पाहिलं, जणू काकांना मीच घेऊन आले होते. (मीच घेऊन आले होते.) मागे रांग जेवणाच्या मांडवापर्यंत गेलेली.

"मालूम नाही?" काका सरळ उभे राहिले. "जिंदगीतला एवढा मोठा दिवस, अन् आंगावर कोनाची मेहनत आहे हे मालूम नाही? कमाल आहे बाप्पा!" आणि आहेराचं पाकीट तसंच खिशात ठेवून ते स्टेजवरून उतरले. ते पाकीट मी नंतर मागून घेतलं आणि परत रांगेत उभी राहिले. तोवर भजी संपली होती.

नामदेवराव कळंबे. वय एकाहत्तर. सौंसरला आमच्या शेजारी राहतात, भिंतीला भिंत लागून. पांढुर्ण्याच्या मंडीत तीसेक वर्षं कापसाचे ग्रेडर होते. म्हणजे काय, तर ढिगातून चिमूटभर कापूस उचलायचा, दोन्ही हातांच्या अंगठ्यांत धरून ओढायचा, तंतू किती लांब निघतो ते पाहायचं आणि प्रत सांगायची. नोकरीतून माणूस रिटायर झाला, बोटं काही झाली नाहीत. बोलता बोलता समोरच्याची बाही दोन बोटांत धरतात, चोळतात, उलटी करतात. नवीन माणूस दचकतो. आम्ही शेजारी आता हात आपणहून पुढे करतो.

काकांची बायको जाऊन बारा-तेरा वर्षं झाली. मूलबाळ नाही. घरात ते आणि त्यांची धाकटी बहीण सिंधूआत्या. आत्या एकोणिसाव्या वर्षी सासरहून परत आल्या, त्या आल्याच. त्या शिवणकाम करतात. काकांचे तीन खिशांचे शर्ट त्यांनीच शिवलेले. आमच्या भिंतीला कान न लावताही मशीनची घरघर ऐकू येते, इतकी की ती थांबली तरच लक्ष जातं.

तर काकांचं हे खूळ सुरू झालं ते एका फ्रॉकवरून, आणि तो फ्रॉक माझ्या चिमीचा होता. माझी मुलगी चिमी, वय वर्षं सात. मी बाजारातून तिच्यासाठी गुलाबी झालरींचा फ्रॉक आणला आणि कौतुकाने शेजारी दाखवायला पाठवला. दहा मिनिटांत काका फ्रॉकसकट, चिमीसकट, आमच्या दारात.

"संगीता, हे वाच." त्यांनी मानेजवळची पट्टी माझ्या नाकासमोर धरली. "कशात धुवाचं ते लिवलं. इस्त्री किती गरम पायजे ते लिवलं. उन्हात वाळवाचं का सावलीत ते लिवलं. चार भाषेत लिवलं! शिवनाऱ्याचं नाव कुठी आहे?"

"काका, ते कोन लिवते?"

"काहून नाही लिवत? कापसाच्या गाठीवर जिनिंगवाल्याचा मार्का राहते. संत्र्याच्या पेटीवर नाव राहते. संतरा सडका निघाला त मानूस पकडता येते. अन् लेकराच्या आंगावरच्या झग्याले कोनी मायबापच नाही?"

मी हसले तेव्हा. पण खरं सांगते, ते वाक्य माझ्या डोक्यात रुतून बसलं आणि मग मलाच राग येऊ लागला. आमच्या भोवती बघा: कापसाची पऱ्हाटी, संत्री, पऱ्हाटी, संत्री. दिवाळी आली की कापूस ट्रकांत भरून जातो. तो कुठे जातो, कोण काततो, कोण विणतो, कोण कापतो, आम्हाला ठाऊक नाही. वर्षभराने तो छातीवर कार्टून चिकटवून परत येतो आणि सौंसरच्या बाजारात हँगरला लटकतो. आमच्याच वावरातला कापूस, आणि आम्हाला ओळखही दाखवत नाही. मधल्या सगळ्या हातांचं काय झालं, त्यांना पुरेसं मिळालं का, त्यातले किती हात चिमीएवढे होते, हे विचारलं की दुकानदार म्हणतो, "ताई, लेना है तो लो, टाइम खोटी मत करो." संताप येणार नाही तर काय होणार?

काकांना नुसता संताप येऊन थांबत नाही. ते उठतात आणि जातात. बाजारातल्या रेडिमेडवाल्याने त्यांची इतकी धास्ती घेतली की काका दिसले की तो स्वतःच कपडे बदलायच्या खोलीत शिरून कडी लावायचा. काका बाहेर स्टुलावर बसून वाट बघायचे. गिऱ्हाईक येई, काका त्याला विचारत, "हे शिवलं कोनं, मालूम आहे का?" गिऱ्हाईक निघून जाई. आतून कडी वाजे, बाहेरून काका म्हणत, "आरामात या मालक, मले घाई नाही."

बाहुलीचं प्रकरण तर याच्यावरचं. चिमीच्या वाढदिवसाला कोणीतरी सेलवर गाणारी बाहुली दिली. कोणत्या भाषेत गाते ते अजून घरात कोणाला कळलेलं नाही. काकांनी ती पाहिली आणि मांडी घालून चिमीसमोर बसले.

"बेटा, हे बाहुली कोनं बनवली?"

"कारखान्यानं," चिमी म्हणाली.

"कारखाना काही बनवत नाही. कारखान्यातलं मानूस बनवते. त्याचं नाव काय?"

चिमीने भोकाड पसरलं. काकांनी बाहुली 'चौकशीसाठी' ताब्यात घेतली. ओल्या फडक्याने तिचा गाल पुसला, तर फडकं लाल झालं. मग खोक्यावरचा नंबर फिरवला. एक दाबा, दोन दाबा, नऊ दाबा करत अखेर एक मुलगी बोलायला लागली. काकांनी तिला बाहुली बनवणाऱ्याचं नाव विचारलं. ती म्हणाली, ही माहिती आमच्याकडे नसते सर. काकांनी विचारलं, "बरं, तुले पगार टायमावर भेटते का बेटा?" आणि मग ती मुलगी जी बोलायला लागली, ती वीस मिनिटं. घरभाडं, आईचा गुडघा, सुट्टी कापतात ते, सगळं. काका "हो, हो, बराबर" करत राहिले. शेवटी तिने काकांना सांगितलं म्हणे, की अंकल, ही बाहुली मुलीला देऊ नका.

मग प्रश्न आला, द्यायचं काय? नाही म्हणणं सोपं असतं. लेकरू तर रोज वाढतं, त्याला कपडा लागतो, खेळणं लागतं. आणि आमच्याकडे तान्हा पोळा. मोठ्या बैलांचा पोळा झाला की दुसऱ्या दिवशी लेकरांचा. लाकडाचे, चाकांचे बैल सजवून, दोरीने ओढत लेकरं मैदानात आणतात, ज्याचा बैल नि ज्याची सजावट छान त्याला बक्षीस. अलीकडे त्यातही प्लास्टिकचे बैल शिरले होते, डोळ्यांत लाल दिवे लागणारे. काकांनी ते पाहिले आणि जाहीर केलं, "यंदा ज्याचा हात पाह्यला, त्याच्याच हातचं घेवाचं."

त्यांनी मोहगावचा एक सुतार शोधून काढला. केशवभाऊ. आणि आमच्या गल्लीतली सहा कुटुंबं बसमध्ये कोंबून 'हात पाहायला' मोहगावला नेली. केशवभाऊ बिचारा रंधा मारत होता. बावीस माणसं अंगणात शिरलेली पाहून त्याला वाटलं, जप्ती आली. काकांनी त्याचे हात उलटेपालटे करून सगळ्यांना दाखवले. "पाहा! घट्टे पाहा! हे असली." मग त्याची मुलाखत. जेवला का, लाकूड कुठलं, घरात कोणाकोणाला कामाला लावतो, लेकरं शाळेत जातात का. केशवभाऊने सगळ्याची उत्तरं दिली. शेवटी काका म्हणाले, "अन् रंग? रंग त हळदीचा, गेरूचा असन."

"नाही नं काका," केशवभाऊ सरळपणे म्हणाला. "रंग बजारातला डब्बा आहे."

परतीच्या बसमध्ये काकांनी ठरवून टाकलं, रंग लावायचाच नाही. त्या वर्षी आमच्या गल्लीतले सगळे बैल बिनरंगाचे. मैदानात बाकीचे पांढरेशुभ्र, लाल शिंगांचे बैल, आणि आमचे सहा फिकट पिवळे. परीक्षकांनी चिमीला विचारलं, "बेटा, तुझ्या बैलाला काय झालं?" चिमी म्हणाली, "त्याले कावीळ झाली." तिला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं.

ही झाली गंमत. आता माझं डोकं का फिरलं ते सांगते.

बैलांनंतर काका कपड्यांकडे वळले. हातमागावर विणणारा एक म्हातारा त्यांनी हुडकला. त्याच्या घरी जाऊन, त्याचा चहा पिऊन, त्याने मागितलं त्यापेक्षा जास्त देऊन ठाणच्या ठाण कापड आणलं. खरोखर सुरेख कापड होतं. यंदाच्या तान्ह्या पोळ्याला गल्लीतल्या लेकरांनी याच कापडाचे कपडे घालायचे असं ठरलं. अकरा घरांनी मागणी नोंदवली. आम्ही सगळ्या आयांनी मोठ्या समाधानाने आपापल्या लेकरांना धरून आत्यांकडे नेलं, मापं दिली, आणि घरी आलो. मी पण. माझ्या पोरीच्या अंगावर कोणाच्या घामाचा कपडा नसणार, म्हणून मला इतकं हलकं वाटत होतं की त्या दिवशी मी ऑफिसातही कोणावर खेकसले नाही. मी सरकारी कार्यालयात बाबू आहे, त्यामुळे ही गोष्ट साधी नाही.

पोळ्याला दहा-बारा दिवस राहिले असतील. मी आत्यांकडे वाटीभर साखर मागायला गेले, मागच्या दाराने. मशीनच्या खोलीत आत्या बसल्या होत्या. अडुसष्ट वर्षांची बाई. एक पाय सुजून पायदानावर मावत नव्हता, म्हणून एकाच पायाने मशीन चालवत होत्या. भोवती कापडाचे तुकडे, गादीवर अकरा ठिकाणच्या मापांच्या चिठ्ठ्या. मानेला फडकं बांधलेलं. मी म्हटलं, "आत्या, किती वाजल्यापासून बसल्या?"

"सकाऊनच्या बसली. तुह्या चिमीच्या झग्याची झालर लावून राहिली. झालर पायजे म्हने तिले, दोन पदरी."

"याची शिलाई किती घेऊन राहिल्या?"

त्यांना प्रश्नच कळला नाही. मग हसल्या. "शिलाई? मले? मले कायची शिलाई व? दादाचं काम आहे. कापडाचे पैसे त्या इनकराले गेले, मनिआर्डर नाही का, तसं लगेच पोचवले दादानं. मले चहा भेटते दोन टाइम."

मी साखर न घेताच उठले. आणि त्याच वेळी बाहेरच्या ओसरीवरून काकांचा आवाज आला. दोन नव्या आया आल्या होत्या, त्यांना काका समजावून सांगत होते. "जिथं एखादी बाई दिवसभर मशीनवर बसते, पाय सुजते, मान आकडते, अन् तिले काय भेटते हे कोनी विचारत नाही, तिथचं कापड आपल्या लेकराच्या आंगावर नोका घालू बाई. पाप आहे ते."

डोक्यात तिडीक गेली माझ्या. मी तशीच ओसरीवर गेले.

"काका, मागच्या खोलीत कोन बसून आहे?"

"कुठी?"

"मागं. मशीनवर."

काका गोंधळले. "ते त सिंधू होय."

"तिले काय भेटते?"

"तिले..." त्यांनी त्या दोघींकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "अवं, ते घरची आहे."

"कारखान्यावालाही हेच म्हनते काका! आम्ही सगळे एक परिवार आहो म्हनते! तुम्ही नवरदेवाची शेरवानी उलटून पाह्यली. घरातलं सोडून साऱ्या दुनियेचं शिवन तुम्ही उलटून पाह्यलं!"

आवाज माझा मोठाच आहे. मागची घरघर थांबली. काकांची दोन बोटं नेहमीप्रमाणे काहीतरी धरायला पुढे आली होती, ती तशीच हवेत राहिली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा, आणि तो दाखवायचा मान मी मिळवला, म्हणून क्षणभर मला बरंही वाटलं.

मग दारात आत्या आल्या, भिंतीला धरून. मला वाटलं, त्यांचे डोळे भरून येतील. कसचं काय! "तुले कोनं वकील केलं व संगीता?" त्या माझ्यावरच कडाडल्या. "माह्या भावाले माह्या दारात बोलते? अन् तुह्या पोरीचे तीन झगे शिवले मी आजलोक. तू विचारलं काय एक तरी खेप?"

विचारलं नव्हतं. दर वेळी आत्यांनी कपडा हातात ठेवला, मी "वा वा, आत्या, किती गोड" म्हटलं आणि घेऊन आले. दोन वेळा तर बटण तुटलं म्हणून परतही पाठवला. काकांवर इतकं ओरडायला मी कोण लागून गेले होते? पण सुटलेला शब्द परत घेता येत नाही. मी घरी आले आणि चिमीला उगाच रागावले.

त्या दिवसापासून काका मिटलेच. दुसऱ्या दिवशी अकराही घरी गेले, दारात उभे राहून प्रत्येकाला एवढंच म्हणाले, "सिंधूची शिलाई राहिली आहे. ते सांगन तेवढी देजा." आणि आता ऐका आमच्या गल्लीची थोरवी. कालपर्यंत हातांच्या नावाने गहिवरणाऱ्या अकरा घरांपैकी सात घरांना अचानक आठवलं, की रेडिमेड टिकायला चांगलं असतं. एकीने तर मला तोंडावर सांगितलं, "आम्हाला वाटलं, आत्या हौसेनं शिवतात." हौसेनं! अडुसष्टाव्या वर्षी एका पायाने! पुण्य सगळ्यांना हवं, फक्त फुकट हवं. मी तिच्याशी अजून बोलत नाही आणि बोलणारही नाही.

उरलेल्या चार घरांचे कपडे आत्यांनी शिवले, स्वतःच्या तोंडाने शिलाई सांगून. सांगताना त्या लाजल्या, जणू उधार मागतायत. मी आधीच्या तीन फ्रॉकचीही शिलाई नेऊन दिली. त्यांनी माझ्याकडे न बघता ती घेतली.

काका मात्र दिसेनात. सकाळचा चहा झाला की बस धरून पांढुर्ण्याला जायचे, दुपार कलली की परत. बाजारात ते शिरेनात. रेडिमेडवालाच एकदा मला अडवून म्हणाला, "ताई, काका बीमार आहेत का?" मला वाटलं, मंडीत जाऊन जुन्या मित्रांत बसत असतील. माझा नवरा पांढुर्ण्याला नोकरी करतो. एक दिवस तो घरी येऊन म्हणाला, "तुझे काका स्टँडमागच्या त्या पोरींच्या शिवणक्लासात जातात. मी डोळ्यांनी पाहिलं."

मला माफी मागायचीच होती. दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेले. खोलीत आठ-दहा मशिनी, सगळ्यांवर सतरा-अठरा वर्षांच्या मुली, आणि कोपऱ्यातल्या मशीनवर आमचे काका. समोर जुन्या वर्तमानपत्राचे कापलेले तुकडे. शिकवणारी बाई त्यांना झापत होती, "काका, किती वेळा सांगू, बाही उलटी जोडून राहिले तुम्ही!" मुली फिदीफिदी हसत होत्या. काका खाली मान घालून उसवत होते. तीस वर्षं ज्यांनी तंतूची लांबी नुसत्या बोटांनी ओळखली, त्यांना सुईत दोरा जात नव्हता. एक मुलगी उठली आणि तिने तो ओवून दिला.

"काका, हे काय?" मी म्हटलं.

त्यांनी वर पाहिलं. ओशाळले. मग हळूच म्हणाले, "पोलकं होय. सिंधूचं."

मी बाकावर बसले.

"तू बोलली त्या राती बसून आठवलं म्या," ते म्हणाले. "साठ वर्षं झाले, तिले कोनी काही शिवून देल्लं नाही व. माय गेली तवा ते आठ वर्षाची होती. मायचं लुगडं फाडून स्वतःचा झगा स्वतः शिवला तिनं, हातानं. तवापासून सगळ्याचं तेच शिवते. साऱ्या गावाचं माप तिच्यापाशी आहे. अन् तिचं माप कोनापाशीच नाही. पैसे देल्ले मी तिले, घेतले तिनं. पन पैशानं हे नाही फिटत नं."

"मग माप कसं घेतलं?"

काका आणखी ओशाळले. "तिचं जुनं पोलकं दोरीवरून उचललं. तिले वाटते, वांदरानं नेलं."

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. माफी मागायला आलेली मी, ती मागायची राहूनच गेली. मी ते उलट्या बाहीचं प्रकरण हातात घेऊन पाहिलं. टाके कुठे दाट, कुठे इतके विरळ की बोट जावं. गळा एका बाजूला कललेला. मी म्हटलं, "छान झालं." ते म्हणाले, "खोटं नोको बोलू. दोन नंबरचा माल आहे." स्वतःच्या कामाची प्रत त्यांनी अगदी बरोबर सांगितली होती.

तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळी मैदान भरलं. चिमी आपला बैल ओढत पुढे पळाली, दोन पदरी झालर उडवत. मी बायकांच्या घोळक्यात उभी होते. इतक्यात आत्या आल्या. एरवी त्या सणालाही घराबाहेर पडत नाहीत, शिवण असतं. आज ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या होत्या, आणि अंगात ते पोलकं.

जे पाहिलं ते लपवून सांगण्यात अर्थ नाही. डावी बाही कोपराच्या वर, उजवी कोपराच्या खाली. मागची पाठ फुगलेली, पुढचे हूक एक घर चुकून लावलेले. काखेत कापड इतकं ताणलेलं की आत्यांना हात पुरता खाली सोडता येत नव्हता. गावात ज्यांच्या हातच्या शिलाईचं नाव, त्या बाईच्या अंगात हे! बायका एकमेकींना कोपरं मारू लागल्या. ती 'हौसेनं'वालीही होती त्यांत, आणि तीच सगळ्यांत जास्त हसत होती. मला तिचं तोंड फोडावंसं वाटलं. काका लांब, लिंबाच्या झाडामागे उभे होते, आमच्याकडे पाठ करून. पोरांचे बैल जात होते तिकडेही ते बघत नव्हते.

मी आत्यांना जरा बाजूला घेतलं. हलक्या आवाजात म्हटलं, "आत्या, काखेत उसवून देऊ काय थोडं? माह्या पर्समधी ब्लेड आहे. दोन मिनिटाचं काम."

आत्यांनी दुसऱ्या हाताने ती बाही झाकून धरली.

"हात नोको लावू," त्या म्हणाल्या. लिंबाकडे एकदा पाहिलं, आणि हात तसाच अधांतरी धरून उभ्या राहिल्या. "राहू दे तसंच. मीच बारीक होईन."